तेवीस पेट्या आणि डावी विंग

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर गारठा असतो.

बाहेर सातपूरचं एप्रिलचं ऊन, पंप बनवणारा कारखाना, लोखंडाचा कीस, तेलाचा वास. पण ऑफिसच्या इमारतीत एक खोली अशी आहे, की तिच्या दाराशी चपला काढून, पाय पुसून आत जायचं. देवळात नसेल एवढं तिचं सोवळं. आत दोन एअरकंडिशनर घुमताहेत. मधोमध कपाटाएवढं जुनं यंत्र, त्याच्या शेजारी कालच पेटीतून काढलेलं नवं. भिंतीलगत टर्मिनलं, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. उजवीकडे पाहुण्यांसाठी खुर्च्या. डावीकडे मोठा प्रिंटर, आणि त्याच्या आडोशाला, उजेड जरा कमी पडतो तिथे, अनवाणी उभा असलेला बेचाळीस वर्षांचा एक माणूस. धोंडीराम गांगुर्डे, कॉम्प्युटर ऑपरेटर. साल अठ्ठ्याऐंशी.

कारखान्यात प्रोग्रॅमरची एकच जागा निघाली होती. बाहेरून माणूस घ्यायचा नाही, ज्याचं काम दिसेल त्याला आतूनच वर घ्यायचं, असं पुण्याच्या हेड ऑफिसने ठरवलं होतं. आज तिथले मोठे साहेब काम बघायला येणार होते. सहा वर्षं प्रिंटरचे कागद फाडणाऱ्या आणि टेप बदलणाऱ्या धोंडीरामला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की चार दिवस त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आणि साहेबांना जे दाखवायचं होतं ते काम त्याचं होतं, अक्षरन् अक्षर त्याचं.

साहेबांची गाडी द्वारका चौकाच्या गर्दीत अडकली आहे. तोवर मागचा अंक पाहून घेऊ.

मागचा अंक त्र्याहत्तर सालचा. कारखान्याचं कामगार कलामंडळ नुकतंच निघालं होतं. नाटक बसवायचे पॅटर्न शॉपचे, म्हणजे लाकडी साचे करणाऱ्या खात्याचे, सावळीराम मिस्त्री. धोंडीराम तेव्हा स्टोअरमध्ये हमालीला होता. सरदाराच्या भूमिकेसाठी माणूस हवा म्हणून पाटी लागली, आणि ह्याने आठ दिवसांत सरदाराची भूमिका तर पाठ केलीच, वर आख्खं नाटक पाठ केलं. बायकांच्या भूमिकांसकट. सावळीरामांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, गावात कुठल्या बाजूला राहतोस तेही विचारलं. मग म्हणाले, "म्हण."

त्याने म्हटलं. कँटीनमधली चहाची कपबशी थांबली, असं म्हणतात.

सावळीरामांनी चष्मा काढून पुसला. "आवाज खणखणीत आहे बाबा तुझा. पण त्या भूमिकेला चेहरा लागतो. शिवाय आतलं सांभाळणारा माणूस नाही आपल्याकडं. तू आत राहा."

सरदार झाला गोरक्ष जुंद्रे. घोटीच्या भातवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, बी.कॉम. झालेला, उंचापुरा, दिसायला राजबिंडा. धोंडीराम आत राहिला. आत म्हणजे रंगपटात, आणि घंटा झाली की डाव्या विंगेत, हातात नाटकाचं पुस्तक घेऊन. पुस्तक नुसतं दाखवायला. त्याने ते कधी उघडलं नाही.

पण आत राहिलेला माणूस आतलं राज्य कसं करतो ते बघण्यासारखं होतं. नटांचं सामान तोवर एका पोत्यात असायचं. ह्याने बिस्किटांचे पत्र्याचे डबे जमवले आणि प्रत्येक नटाला एक पेटी केली. पेटीवर नाव. झाकणाच्या आत चित्र काढलेलं: पावडर इथे, काजळ तिथे, मिशी ह्या कोपऱ्यात. कळवणची शाळा असो की घोटीच्या बाजारातला मंडप, नटाने न बघता हात घातला की मिशीच हाताला लागली पाहिजे. शिवाय प्रत्येक गावची एक चिठ्ठी. घोटीला आरसा डावीकडे, दिवा पिवळा, तेव्हा गालाला लाली कमी. कळवणला खुंट्या नाहीत, दोरी न्या. पेटी तीच, पण गावाप्रमाणे चार गोष्टी बदलायच्या. गावात पोचलं की आधी गावाची चिठ्ठी वाचायची आणि मग पेटी लावायची. आणि नटाने स्वतःच्या हाताने काही वेगळं मांडलं असेल तर ते फेकायचं नाही, रुमालात गुंडाळून बाजूला ठेवायचं.

धोंडीरामच्या बोटांनी लावलेला रंग सगळ्यांच्या तोंडाला चालायचा. त्याच्या डब्यातली भाकर मात्र दोघेच खायचे, गाडीवाला यादव आणि गोरक्ष. ही गोष्ट गोरक्षच्या नावावर जमा धरली पाहिजे. पुढे काहीही झालं तरी.

गोरक्षला एक खोड होती. तिसऱ्या अंकात तो हमखास अडायचा. अडला की घाबरायचा नाही. मान किंचित डावीकडे वळवायचा, जसा काही सरदार विचारात पडला आहे. त्या वळणावर धोंडीरामचे ओठ हलायचे. शब्द ओठातून निघायचा तो थेट गोरक्षच्या तोंडात पडायचा, मधल्या हवेलासुद्धा कळायचं नाही. लोक म्हणायचे, काय थांबतो हो जुंद्रे, काय विराम घेतो. गोरक्ष नंतर रंगपटात येऊन त्याला मिठी मारायचा. "धोंडू, तू आहेस म्हणून मी आहे." बक्षिसं मिळायची ती गोरक्षला. हँडबिलावर धोंडीरामचं नाव एकदाही आलं नाही, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. आतल्या माणसाचं नाव छापत नाहीत, हा त्याने धर्मच मानला होता.

ब्याऐंशीत कारखान्यात यंत्र आलं. गोरक्ष तोवर ऑफिसात सुपरवायझर झाला होता. यंत्राच्या खोलीत एक विश्वासाचा माणूस हवा म्हणून त्याने धोंडीरामला स्टोअरमधून उचललं. तेव्हापासून ऑफिसात "साहेब" आणि खोलीत दोघेच असले की "गोरक्षभाऊ". यंत्राबरोबर इंग्रजी पोथ्या आल्या होत्या, विटेएवढ्या जाड. मॅट्रिक नापास धोंडीराम त्यातली एक रोज डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचा. बायको चांगुणा चुलीशी बसून बघायची.

"समजतंय का काय त्यातलं?"

"अर्धं."

"मग नुसतंच पाठ करताय?"

"आधी पाठ करायचं. अर्थ मागनं येतो."

"लय शहाणे हायेत तुम्ही," ती म्हणायची. "उद्या त्या मशिनीलाबी मिशा लावाल."

तिला काय माहीत, ती खरंच बोलत होती.

शहाऐंशीपर्यंत यंत्रं तीन झाली. एक सातपूरला, एक अंबडच्या नव्या शेडमध्ये, एक द्वारकेजवळच्या विक्री ऑफिसात. तिघांची तीन तोंडं. वापरणारी माणसं मात्र तीच तेवीस, आज इथे तर उद्या तिथे. आता ह्या यंत्रात असं असतं, की प्रत्येक माणसाची एक छोटी फाइल असते, नावाआधी टिंब असलेली. साध्या यादीत ती दिसत नाही. पण माणूस आत आला की यंत्र आधी ती वाचतं: ह्याचं टर्मिनल कुठल्या बनावटीचं, चूक पुसायची कळ कुठली, कागद कुठल्या प्रिंटरवर काढायचा, ह्याच्या सोयीचे छोटे हुकूम कुठले. एका यंत्रावर सवय झालेला माणूस दुसऱ्यावर गेला की आंधळा व्हायचा.

हिशेब खात्यातल्या सिंधुबाई एके सकाळी पर्स आपटूनच खोलीत आल्या. वयाने धोंडीरामपेक्षा मोठ्या, तोंडाने त्याहून.

"गांगुर्डे, तुमच्या त्या अंबडच्या मशिनला सांगा, मी माणूस आहे म्हणून. चूक पुसायला गेले तर पुसत नाही. वर टोपीवाला एच उमटवतं, टोपीसारखी खूण आणि पुढं एच. एक चूक पुसायला गेले, अकरा टोप्या झाल्या."

"बाई, तिथली कळ वेगळी आहे."

"मग मी बोट वेगळं आणू का?"

धोंडीराम हसला नाही. तो त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला घोटीचा आरसा आठवला होता, डावीकडचा.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तो लिहायला बसला. यंत्राशी बोलायची जी भाषा तिला शेल म्हणतात. तिच्यातले हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले की एका शब्दासरशी सगळे पार पडतात. सात महिने, रोज भाकर एका हातात. त्याने तीन मदतनीस लिहिले. पहिल्याचं नाव त्याने ठेवलं 'गोळा': तो तेवीस माणसांच्या टिंबवाल्या फायली उचलून एका जागी जमवायचा, म्हणजे प्रत्येकाची पेटी. दुसरा 'ताड': कोणाची पेटी कुठल्या यंत्रावर वेगळी झाली आहे ते ताडून सांगायचा. तिसरा 'मांड'. तो यंत्राला आधी त्याचं नाव विचारायचा, त्या नावाची चिठ्ठी उघडायचा, आणि चिठ्ठीप्रमाणे फरक करून प्रत्येकाची पेटी लावायचा. माणसाने स्वतः काही बदललेलं असलं तर ते तारीख घालून बाजूला ठेवायचा, रुमालात गुंडाळल्यासारखं. तिन्ही यंत्रांमध्ये यादव गाडीतून फ्लॉप्या न्यायचा आणि आणायचा. महिन्याभरात सिंधुबाईंच्या टोप्या गेल्या.

'मांड'च्या डोक्यावर पहिली ओळ लिहायची वेळ आली, तेव्हा त्याने हँडबिलाची रीत पाळली. रोमन अक्षरांत लिहिलं: मार्गदर्शक, श्री. गोरक्ष जुंद्रे. सिंधुबाई मागून वाचत होत्या.

"आणि तुमचं कुठंय?"

"राहू द्या बाई. करून घेणाऱ्याचं नाव वर असतं."

"करून घेणाऱ्याचं वर, मान्य. करणाऱ्याचं खाली तरी?"

"सगळ्यांना माहीत आहे की."

"सगळे मरतात गांगुर्डे," सिंधुबाई म्हणाल्या. "लिहिलेलं राहतं."

त्याने ती ओळ तशीच ठेवली. जागेची नोटीस लागली तेव्हा गोरक्ष त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, "जागा तुझी आहे धोंडू. दाखवायचं काम मी करतो, मला सवय आहे लोकांसमोर उभं राहायची. शेवटी तुला पुढे आणतो आणि सांगतो, हा बघा माणूस." धोंडीरामच्या डोळ्यांसमोर प्रवेश उभा राहिला होता. पंधरा वर्षांनी विंगेतून चार पावलं पुढे, उजेडात. त्यासाठी त्याने सदरा इस्त्री करून आणला होता.

गाडी आली. मोठे साहेब चपला काढून आत आले.

गोरक्षने बाजी मारली, त्यात वाद नाही. नव्या कोऱ्या यंत्रासमोर तो असा उभा राहिला की यंत्राला भूमिका मिळाल्यासारखं वाटावं. 'मांड' हा एक शब्द टाइप केला, हिरव्या ओळी सरसरत गेल्या. सिंधुबाई टर्मिनलवर बसल्या, मुद्दाम चूक केली, एका बोटाने पुसली. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"ह्या यंत्राचा प्रिंटर वेगळा आहे. तुमच्या प्रोग्रॅमला ते कसं कळलं?"

गोरक्ष थांबला. मान किंचित डावीकडे वळली, जसा काही विचारात पडला आहे.

आणि प्रिंटरच्या आडोशाला धोंडीरामचे ओठ हलले. त्याने ठरवून केलं नाही. पंधरा वर्षांची सवय, ती मान वळली की ओठ हलायचे, विस्तवावर हात पडला की तो मागे येतो तसं. "आधी यंत्राला नाव विचारतो. नावाची चिठ्ठी उघडतो."

"आधी यंत्राला त्याचं नाव विचारतो, साहेब," गोरक्ष खणखणीत म्हणाला. "मग त्या नावाची चिठ्ठी उघडतो."

"आणि कोणी स्वतःचं काही बदललं असेल तर? ते पुसलं गेलं म्हणजे भांडणं."

मान डावीकडे. ओठ हलले.

"जुनं आधी बाजूला ठेवतो, साहेब. तारीख घालून. माणसाच्या हातचं काही आम्ही फेकत नाही."

शेवटचं वाक्य गोरक्षने पदरचं घातलं होतं, आणि ते सगळ्यात छान पडलं. साहेब हसले. "सुंदर," म्हणाले. "मी तीन कारखाने पाहिले, सगळीकडे ह्याच कटकटी. हे लिहिलं कोणी?"

गोरक्षचं तोंड उघडलं. आणि त्याची मान, सवयीने, डावीकडे वळली.

तो थांबला. खरंच थांबला होता तो, वाट बघत. सिंधुबाईंनी टर्मिनलवरून मान वळवून धोंडीरामकडे बघितलं. एक शब्द होता, एका अक्षराचा. मी. पण धोंडीरामने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं दिली होती, त्या पुस्तकात त्याचं स्वतःचं वाक्य कधी नव्हतंच. ओठ हलले नाहीत. मिशीवाल्या सरदारापासून दासीपर्यंत सगळ्यांचं पाठ असलेला तो माणूस त्या क्षणी स्वतःचं वाक्य विसरला.

साहेबांना थांबायला वेळ नव्हता. त्यांनी वाकून शेजारच्या टर्मिनलवर उघडलेल्या 'मांड'ची पहिली ओळ वाचली. "जुंद्रे. म्हणजे तुम्हीच की. एवढा विनय कशाला?"

"आमच्या विभागाचं काम आहे, साहेब," गोरक्ष म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

साहेबांनी त्याचा हात हातात घेतला. टाळ्या वाजल्या. धोंडीरामनेही वाजवल्या. नाटक संपलं की विंगेतला माणूसही वाजवतोच.

आठ दिवसांनी बोर्डावर कागद लागला. प्रोग्रॅमरच्या जागी जी. एन. जुंद्रे, आणि लगेच पुण्याला बदली, तिथल्या यंत्रांवर हेच बसवायला. गोरक्ष निरोप घ्यायला आला तेव्हा धोंडीराम कागदाच्या कडा फाडत होता.

"मी बोलणार होतो रे," गोरक्ष म्हणाला. "आईशपथ बोलणार होतो. तुझ्याकडे बघितलं मी. तू काही दिलंच नाहीस."

धोंडीराम कागद फाडत राहिला.

"एक शब्द दिला असतास तर मी म्हटला असता. तुला माहीत आहे ना, मला ऐन वेळी सुचत नाही." त्याचे डोळे खरोखर भरले होते. नटाचे डोळे भरतात त्यात खोटं असतंच असं नाही. दुःख एवढंच, की ते भरून येतात आणि माणूस पुण्याची गाडी पकडतोच. "पुण्याला गेल्यावर तुझं बघतो मी. तुला तिकडे बोलावून घेतो."

"गाडी चुकेल, साहेब," धोंडीराम म्हणाला.

खोलीत दोघेच होते, तरी साहेब म्हणाला.

घरी चांगुणाने ताट वाढलं. मग म्हणाली, "त्यांना लाज नाय, ते सोडा. तुम्हाला तोंड हाय ना?" पुढच्या वर्षभरात कलामंडळाने नाटक बसवलं, तेव्हा सावळीराम मिस्त्री स्वतः बोलवायला आले, म्हणाले, डावी विंग रिकामी आहे. धोंडीरामने सगळ्या पेट्या त्यांच्या ताब्यात दिल्या, झाकणातली चित्रं समजावून दिली, आणि गेला नाही. प्रयोगात नवा सरदार दोनदा अडला म्हणे. लोक हसले.

पुण्याहून बोलावणं आलं नाही. फोन आला, एकोणनव्वदच्या श्रावणात, भरदुपारी. फोन सिंधुबाईंच्या टेबलावर होता. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं, आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचे सरदार."

धोंडीरामने त्यांच्या टेबलाशी बसून रिसीव्हर घेतला. पलीकडे गोरक्ष इतक्या हळू बोलत होता, की आधी लाइन खराब आहे असं वाटावं. लाइन खराब नव्हती. त्याच्या मागे माणसांचे आवाज येत होते, त्यातला एक मोठ्या साहेबांचा.

गोष्ट अशी झाली होती. पुण्याच्या यंत्रांवर 'मांड'ला वेळ लागतो म्हणून गोरक्षने त्यातल्या काही ओळी काढून टाकल्या होत्या. नेमक्या बाजूला ठेवण्याच्या, रुमालाच्या. त्याला त्या फालतू वाटल्या. सकाळी 'मांड' चालवलं आणि चाळीस माणसांच्या हातचं सगळं पुसलं गेलं. चाळीस माणसं टोप्या मोजत बसली होती, आणि मोठे साहेब त्याच्या खुर्चीमागे उभे होते.

"धोंडू," पलीकडून कुजबुज आली. "परत कसं आणायचं? पटकन सांग."

धोंडीरामला माहीत होतं. 'गोळा' दर वेळी एक जादा प्रत करून ठेवायचा, दुसऱ्याच एका टिंबवाल्या नावाच्या आड. ती ओळ 'गोळा'च्या अगदी तळाशी होती. गोरक्षने तिथवर कधी वाचलंच नव्हतं. दोन शब्दांचा हुकूम होता, चाळीस पेट्या परत आल्या असत्या. ते दोन शब्द धोंडीरामच्या ओठांवर आलेसुद्धा. सिंधुबाईंना ते ओठ हललेले दिसले.

मग ते मिटले.

"कोणाचं आहे हे, साहेब?" त्याने विचारलं. "मला नीट कळलं नाही."

पलीकडे मागचे आवाज थांबले होते. सगळे ऐकत असावेत. गोरक्षची मान आता डावीकडे वळली असेल, आणि तिथे पुण्याची भिंत असेल.

"तुझंच आहे ना," गोरक्ष म्हणाला, मुंगीलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात. "तूच लिहिलंयस. सांग ना आता."

धोंडीरामने रिसीव्हर ह्या कानावरून त्या कानाला घेतला. बसलेला होता तो उठून उभा राहिला. आणि सोळा वर्षांपूर्वी कँटीनमध्ये ज्या आवाजाने कपबश्या थांबल्या होत्या त्या आवाजात, शेजारच्या टेबलांनी माना वर केल्या एवढं स्वच्छ, म्हणाला:

"मोठ्यानं बोला, साहेब. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."